पिम सॉफ्टवेअर ४.० वरून ७.० वर नेताना नक्की काय हाती लागतं?

तांबटआळी

नमस्कार मंडळी,

पुण्यात भांडी आणि छोटी घरगुती उपकरणं विकणाऱ्या एका कंपनीत मी कॅटलॉगचं काम बघतो. कुकर, कढया, तवे, डबे, मिक्सर असा माल. तो आमच्या वेबसाइटवर जातो, मार्केटप्लेसवर जातो आणि डीलरांच्या छापील किंमतयादीतही जातो. या सगळ्यासाठी लागणारी मालाची माहिती आम्ही अकेनिओ या पिम सॉफ्टवेअरमध्ये ठेवतो. कम्युनिटी (म्हणजे फुकट) आवृत्ती, स्वतःच्या सर्व्हरवर, आणि अजून ४.० वर. आता सर्व्हर बदलायचाच आहे, तर ७.० वर जावं असं ठरतंय. त्याआधी इथल्या जाणकारांशी बोलून घ्यावं म्हणून हा धागा.

पिम ज्यांना नवीन आहे त्यांच्यासाठी दोन ओळी. टॅलीला किंवा ईआरपीला (कंपनीच्या हिशोब-साठ्याच्या सॉफ्टवेअरला) कळतं की कुकर किती शिल्लक आहेत आणि काय भावाने गेले. तो कुकर किती लिटरचा, झाकण आतलं की बाहेरचं, इंडक्शनवर चालतो का, फोटो कोणता, मराठीत वर्णन काय, हे सगळं पिममध्ये असतं. अकेनिओ ही फ्रान्समधल्या नांत शहरातली कंपनी, २०१३ साली सुरू झालेली. सॉफ्टवेअर पीएचपी ही भाषा आणि तिची सिंफनी ही चौकट वापरून लिहिलेलं आहे, कम्युनिटी आवृत्तीचा कोड खुला आहे.

या सॉफ्टवेअरवर माझा जीव आहे तो मुख्यतः २.० मध्ये आलेल्या प्रॉडक्ट मॉडेलमुळे. त्याआधी आमच्याकडे ३, ५ आणि ७ लिटरचे कुकर म्हणजे तीन सुटे प्रॉडक्ट, प्रत्येकाचं वर्णन वेगळं भरायचं. मॉडेल आल्यावर वर्णन, धातू, वॉरंटी एकदाच वरच्या पातळीवर भरायचं. आकार, वजन, बारकोड खालच्या पातळीवर. अशा दोन पातळ्या करता येतात, म्हणजे आधी रंग आणि मग आकार. ज्याच्यावरून फरक पडतो ते ॲट्रिब्यूट (म्हणजे माहितीचा रकाना) मात्र निवड-यादी, माप किंवा हो/नाही अशा जातीचंच लागतं, मोकळा मजकूर चालत नाही. सुरुवातीला टीममधल्या मुलांना हे जाचक वाटतं. पण त्यामुळेच कोणी '५ लि', कोणी '५ लिटर', कोणी '५०००मिली' असं भरू शकत नाही.

दुसरी आवडती गोष्ट म्हणजे कम्प्लीटनेस. प्रत्येक फॅमिलीला (म्हणजे मालाच्या प्रकाराला), प्रत्येक चॅनेलसाठी (वेबसाइट, मार्केटप्लेस वगैरे) कोणती माहिती सक्तीची ते ठरवायचं. मग प्रत्येक प्रॉडक्ट त्या चॅनेलला आणि त्या भाषेत किती टक्के भरलंय ते दिसतं. एक्सपोर्टला 'पूर्ण भरलेलेच पाठव' अशी गाळणी लावता येते. आमच्याकडे कुकर फॅमिलीत बीआयएस लायसन्सचा नंबर, तो सीएम/एलने सुरू होणारा, सक्तीचा केलाय. घरगुती कुकरला आयएस २३४७ प्रमाणे आयएसआय मार्क बंधनकारक आहे. नंबर नसेल तर तो कुकर वेबसाइटवर जातच नाही. कोणाला आठवण करावी लागत नाही, फोन करावा लागत नाही.

आता नव्या आवृत्त्यांचं. ५.० पासून प्रत्येक प्रॉडक्टला दर्जाचं अक्षर मिळतं, ए ते ई. मोजमापाची एककं आपली आपण वाढवता येतात. ६.० मध्ये टेबल ॲट्रिब्यूट, म्हणजे एका रकान्यात अख्खा तक्ता, आला, पण तो कम्युनिटीत नाही. ७.० मध्ये प्रत्येक प्रॉडक्टला युयूआयडी (सॉफ्टवेअरने आपोआप दिलेली एकमेव ओळख) आलाय, त्यामुळे एसकेयू (आपण दिलेला मालाचा कोड) न देताही नवं प्रॉडक्ट बनवता येतं.

आमच्या बैठकीत मात्र सगळा भर एआयवर आहे: आपोआप वर्णन, आपोआप भाषांतर. माझं मत वेगळं आहे. जे फीचर चुकीची माहिती आत येऊ देत नाही ते आधी घ्यावं. जास्त मजकूर लिहून देणारं नंतर बघावं. तुमचे अनुभव काय? आणि ४.० वरून थेट ७.० वर उडी मारता येते का?

---

सिंफनीवाला

थेट उडी नाही. ४.० ते ५.०, ५.० ते ६.०, ६.० ते ७.० असंच जावं लागतं, कारण प्रत्येक टप्प्याचे डेटाबेसचे बदल त्या त्या टप्प्यातच आहेत. सर्व्हरच्या बाजूनेही बघा: ४.० ला पीएचपी ७.३ होतं, ७.० ला ८.१ लागतं. इलॅस्टिकसर्च (शोधाचं इंजिन) ७ वरून ८ वर जातं. म्हणून जुन्या मशीनवरच अपग्रेड करायच्या भानगडीत पडू नका. नवं मशीन घ्या, डेटाबेसची प्रत तिथे आणा आणि प्रत्येक टप्पा कंटेनरमध्ये (म्हणजे त्या त्या आवृत्तीच्या वेगळ्या बंदिस्त वातावरणात) चालवा.

खरं काम युयूआयडीचं आहे. वरवर बघता ते फीचर 'एसकेयू शिवाय प्रॉडक्ट' एवढंच वाटतं, पण आत प्रॉडक्टच्या टेबलमधला आकड्यांचा आयडी गेला आणि त्याच्या जागी युयूआयडी आला. तुमच्याकडे कोणी स्वतःचं बंडल (जोड-कोड) लिहिलं असेल, किंवा रिपोर्टसाठी थेट डेटाबेसवर क्वेरी मारत असेल, आणि ते जुन्या आयडीवर अवलंबून असेल, तर ते बंद पडणार. आधी अशा सगळ्या जागा शोधून काढा. एपीआयमधून (दुसऱ्या सॉफ्टवेअरसाठी ठेवलेल्या अधिकृत वाटेने) जाणाऱ्या गोष्टींना तितका त्रास नाही. एसकेयूवर चालणारे जुने पत्ते आहेत आणि युयूआयडीचे नवे वेगळे दिलेत.

स्क्रीनमध्ये बदल केले असतील तर तेही तपासा. दर आवृत्तीत जुना बॅकबोनचा भाग कमी होऊन रिॲक्टमध्ये जातोय (दोन्ही स्क्रीन बनवायच्या जावास्क्रिप्ट लायब्ररी).

---

मेघना_सांगली

मी या क्षेत्रातली नाही, पण वाचून प्रश्न पडला. आमचा घरगुती हळद-मसाल्याचा व्यवसाय आहे, दीडशेच्या आसपास वस्तू, सगळं एक्सेलमध्ये. दोन पोर्टलवर विकतो. आम्हाला हे पिम वगैरे लागेल का, की उगाच खर्च?

एक त्रास नेहमी होतो, त्याचा याच्याशी संबंध आहे का ते सांगा. बारकोडचा कॉलम पोर्टलवर चढवला की 'बारकोड चुकीचा' असं येतं. शीटमध्ये बघितलं तर बरोबर दिसतो.

---

तांबटआळी

मेघनाताई, दीडशे वस्तू आणि दोन पोर्टल एवढ्यासाठी पिम नको. नीट लावलेली एकच शीट पुरे, फक्त ती एकाच माणसाच्या ताब्यात असू द्या.

बारकोडचं सविस्तर सांगतो, कारण हा त्रास शीटवाल्यांना आणि पिमवाल्यांना सारखाच होतो.

तेरा आकडी नंबर एक्सेलला संख्या वाटते. कॉलम अरुंद किंवा साधा 'जनरल' असला की तो ८.९०१२३ई+१२ असा दाखवतो. तशीच फाइल सीएसव्ही म्हणून सेव्ह केली तर जे दिसतं तेच फाइलमध्ये जातं, आणि मागचे आकडे कायमचे जातात. पुन्हा उघडलं की शेवटी नुसती शून्यं. म्हणून आकडे भरण्याआधी तो कॉलम 'टेक्स्ट' करायचा, आणि पोर्टल घेत असेल तर सीएसव्हीऐवजी एक्सेलचीच फाइल चढवायची. एफएसएसएआयच्या चौदा आकडी लायसन्स नंबरलाही हेच लागू, तुमच्या मसाल्यांना तो आहेच.

नंबर बरोबर आहे का ते घरच्या घरी तपासता येतं. तेरावा आकडा हा आधीच्या बारांवरून निघतो. नमुन्यादाखल ८९०१२३४५६७८९ घ्या. डावीकडून पहिला, तिसरा, पाचवा अशा जागांवरचे आकडे मिळवा: ८+०+२+४+६+८ म्हणजे २८. दुसरा, चौथा, सहावा असे: ९+१+३+५+७+९ म्हणजे ३४, त्याची तिप्पट १०२. दोन्ही मिळून १३०. पुढच्या दशकापर्यंत किती कमी? शून्य. म्हणून तेरावा आकडा ०. एक्सेलमध्ये याचं सूत्र एकदा लिहून ठेवा आणि खाली ओढा.

अकेनिओतही हे आपोआप होत नाही, हे मुद्दाम सांगतो. मजकुराच्या ॲट्रिब्यूटला रेगेक्सचा (मजकूर कसा दिसावा याच्या साच्याचा) नियम लावता येतो, त्याने 'तेराच आकडे हवेत' एवढं बघता येतं. शेवटचा आकडा हिशोबाने जुळतो का हे रेगेक्सला कळत नाही. आम्ही आयात करण्याआधी एक छोटी स्क्रिप्ट चालवतो, न जुळणाऱ्या ओळी बाजूला काढते. पिममध्ये जे टिक मारून मिळतं आणि जे बाहेरून करावं लागतं, यातली सीमा अपग्रेडच्या आधी सगळ्यांनी समजून घेतली पाहिजे असं मला कळकळीने वाटतं.

---

मेघना_सांगली

कॉलम जनरलच होता. पुन्हा मूळ पाकिटांवरून नंबर भरायला घेतलेत. खूप आभार. ८९० ने सुरू म्हणजे भारतात बनलेला माल ना?

---

सिंफनीवाला

नाही. ८९० म्हणजे नंबर जीएसवन इंडिया या बारकोड नंबर देणाऱ्या संस्थेकडून घेतलाय एवढंच. माल कुठेही बनलेला असू शकतो, म्हणूनच 'उगम देश' हे वेगळं ॲट्रिब्यूट लागतं. लीगल मेट्रॉलॉजीच्या पॅकेज्ड कमोडिटीज नियमांप्रमाणे आयात केलेला माल ऑनलाइन विकताना ते दाखवावंच लागतं.

---

श्टुटगार्टकर

चांगला धागा. मी जर्मनीत अवजारांच्या एका घाऊक व्यापाऱ्याकडे प्रॉडक्ट डेटा बघते. इथे गेल्या दोन-तीन वर्षांत पिमकडे बघायची दृष्टीच बदलली, आणि त्याला एआयपेक्षा कायदे जास्त कारणीभूत आहेत.

१३ डिसेंबर २०२४ पासून युरोपियन युनियनचा सर्वसाधारण उत्पादन सुरक्षेचा नवा नियम लागू झाला. ऑनलाइन विकताना उत्पादकाचं नाव, टपाली पत्ता, ईमेल किंवा वेबसाइट प्रॉडक्टच्या पानावरच हवं. उत्पादक युरोपबाहेरचा असेल तर युरोपातल्या जबाबदार व्यक्तीचंही. म्हणजे भारतातून माल घेणाऱ्या प्रत्येकाने पुरवठादाराकडे ही माहिती मागितली. ज्यांच्याकडे ती प्रॉडक्टला जोडून तयार होती त्यांनी एका एक्सपोर्टमध्ये पाठवली. बाकीच्यांशी ईमेल चालत राहिले आणि तोवर माल गोदामात पडून.

पुढची पायरी डिजिटल प्रॉडक्ट पासपोर्टची. त्याचा मूळ कायदा जुलै २०२४ मध्ये अंमलात आला, पण कोणत्या मालाला कधी हे टप्प्याटप्प्याने ठरतंय. बॅटरीचं ठरलंय: १८ फेब्रुवारी २०२७ पासून इलेक्ट्रिक वाहनांच्या, हलक्या वाहनांच्या आणि २ किलोवॉट-तासांवरच्या औद्योगिक बॅटऱ्यांना पासपोर्ट लागणार. पुण्या-नाशिककडून युरोपला जाणाऱ्या सुट्या भागांवर याचा परिणाम होणार. कापड आणि पोलादही रांगेत आहेत.

त्यामुळे पिममध्ये मी नवी गोष्ट बघते तेव्हा पहिला प्रश्न हाच की नवं सक्तीचं ॲट्रिब्यूट हजारो प्रॉडक्टना किती सहज लावता येतं आणि ते कोणी भरलं, कधी बदललं याचा इतिहास राहतो का. अकेनिओच्या हिस्टरी टॅबमध्ये जुनी आणि नवी नोंद शेजारी-शेजारी दिसते, आणि ते कम्युनिटीतही आहे. निरीक्षकाने विचारलं की तेच उघडून दाखवायचं.

पर्याय शोधणाऱ्यांसाठी: साल्झबर्गची पिमकोअरही आहे. पण २०२५ पासून त्यांच्या नव्या आवृत्त्या जीपीएलऐवजी त्यांच्या स्वतःच्या लायसन्सखाली आल्यात आणि फुकट वापराला कंपनीच्या उलाढालीची मर्यादा आहे. घेण्याआधी लायसन्स वकिलाला दाखवा.

---

पायताण

कोल्हापुरातून. आमचं चपलांचं दुकान आणि ऑनलाइन विक्री. श्टुटगार्टकर ताई म्हणतात ते कायद्याचं इथेही तितकंच खरं आहे, फक्त इथे तो जीएसटी.

२२ सप्टेंबर २०२५ ला दर बदलले तेव्हाचं सांगतो. आधी जोडी १००० रुपयांपर्यंत १२ टक्के, त्याच्या वर १८. नवीन दर २५०० पर्यंत ५ टक्के, वर १८. म्हणजे १८०० ची कोल्हापुरी १८ वरून ५ वर आली, २८०० ची तिथेच राहिली. एकाच नमुन्याची साधी जोडी एका दरात आणि हाताने जास्त वेणी घातलेली दुसऱ्या दरात. ज्यांनी कराचा दर 'चप्पल' या अख्ख्या प्रकारालाच चिकटवला होता त्यांना प्रत्येक वस्तू हाताने बघावी लागली. शिवाय जुन्या मालावर सुधारित एमआरपी.

माझा प्रश्न: कराचा दर पिममध्ये ठेवावा का? आमचा सॉफ्टवेअरवाला म्हणतो ठेवा, सीए म्हणतात ठेवू नका.

---

सिंफनीवाला

मी तुमच्या सीएंच्या बाजूने. एचएसएन कोड (करासाठी मालाच्या वर्गीकरणाचा नंबर) हा मालाचा गुण आहे, तो पिममध्ये हवाच. कराचा दर हा एचएसएन, विक्रीची किंमत आणि तारीख यांच्यावरून निघतो. जे निघतं ते साठवायचं नाही, जिथे बिल बनतं तिथे काढायचं. पिममध्ये दर ठेवला की दोन ठिकाणी दोन दर राहणार, आणि बिलात कोणता छापला जाईल ते कोणालाच सांगता येणार नाही.

---

तांबटआळी

सहमत, पण एमआरपीबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. एमआरपी पाकिटावर छापलेली असते आणि ऑनलाइन दाखवणं बंधनकारक आहे, म्हणून ती आम्ही पिममध्ये ठेवतो. विक्रीचा भाव, सवलत, डीलरचा भाव मात्र ईआरपीतच. भांडी १२ वरून ५ वर आली तेव्हा आम्हाला पिममध्ये फक्त एमआरपीची एक फाइल आयात करावी लागली. दर कुठेच नव्हता, त्यामुळे तो चुकायची शक्यताच नव्हती. कोणत्या एसकेयूची एमआरपी कोणी बदलली तेही हिस्टरीत राहिलं.

---

अनघा_लेखन

मी स्वयंपाकघराच्या वस्तूंची वर्णनं लिहिते, मराठी आणि इंग्रजी दोन्ही. एआयच्या मुद्द्यावर लिहायला आले.

एका कंपनीसाठी काम करताना त्यांच्या पिमला जोडलेलं एआय वर्णन लिहून द्यायचं, मी फक्त नजर फिरवायची असं ठरलं होतं. डब्यांच्या एका संचाच्या वर्णनात त्याने सुंदर वाक्य लिहिलं: 'उच्च दर्जाच्या ३०४ फूड ग्रेड स्टीलपासून बनवलेले.' माल होता २०२ चा. ३०४ मध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. २०२ मध्ये निकेल कमी आणि त्याच्या जागी मँगनीज. लोणचं, चिंचेचा कोळ असलं आंबट साठवणाऱ्या गिऱ्हाइकाला हा फरक महत्त्वाचा आहे, आणि किमतीतही तो दिसतो. एआयने खोटं बोलायचं ठरवलं नव्हतं. स्टीलचा ग्रेड हा रकाना रिकामा होता आणि अशा वर्णनांत बहुतेक वेळा ३०४ असतं, म्हणून त्याने तेच घातलं.

मला हे फीचर नको असं नाही. वीस आकारांच्या तव्यांची वर्णनं हाताने लिहिणं कंटाळवाणं आहे, आणि पहिला मसुदा मिळाला तर माझा वेळ चांगल्या वाक्यांवर जातो. पण माझ्या दोन अटी असतात. एआयला ज्या प्रॉडक्टची माहिती सगळी भरली आहे तेवढ्यालाच हात लावू द्यायचा. आणि त्याने फक्त वर्णनाच्या रकान्यात लिहायचं. ग्रेड, वजन, क्षमता, वॉरंटी या रकान्यांत कधीच नाही.

मराठीचं वेगळं सांगायला हवं. भाषांतर केलेल्या मजकुरात 'नॉन-स्टिक पृष्ठभाग अन्नाला चिकटण्यापासून प्रतिबंधित करतो' असं येतं. कोणतं घर असं बोलतं? 'धिरडं सहज सुटतं, तेल कमी लागतं' एवढं पुरे.

---

तांबटआळी

अनघाताई, तुमची पहिली अट आमच्या कम्प्लीटनेसच्या गाळणीत अगदी बसते. एआयसाठी एक वेगळं चॅनेल करायचं, त्यात ग्रेड, क्षमता, जाडी, वॉरंटी सक्तीची ठेवायची, आणि शंभर टक्के भरलेलीच प्रॉडक्ट त्याच्याकडे पाठवायची. उद्याच्या बैठकीत हेच मांडतो. एआय हवं असणाऱ्यांना ते मिळेल, आणि आधी माहिती भरण्याचं कामही होईल.

मराठीबद्दल: अकेनिओत मराठी लोकेल (भाषेची सोय) चालू करता येतं, वर्णन भाषेनुसार वेगळं ठेवता येतं आणि मराठीचा कम्प्लीटनेस वेगळा मोजला जातो. दर्जाच्या तपासणीतलं स्पेलिंग मात्र मराठीला नाही, ते युरोपियन भाषांपुरतंच. त्यामुळे मराठी मजकूर वाचायला माणूसच हवा, आणि त्या माणसाला त्याचे पैसे मिळायला हवेत.

---

श्टुटगार्टकर

वेगळं चॅनेल करायची कल्पना इथे आमच्याकडेही वापरून बघते. एक सूचना: मॉडेलची रचना अपग्रेडच्या आधीच तपासा. फरकाचं ॲट्रिब्यूट एकदा ठरवून सेव्ह केलं की ते बदलता येत नाही. सामायिक पातळीवरचं ॲट्रिब्यूट खाली नेता येतं, खालचं वर आणता येत नाही. कुठे शंका असेल तर ते आधी वरच ठेवा.

---

तांबटआळी

हे फार कामाचं. झाकणाचा प्रकार आमच्याकडे आत्ता खालच्या पातळीवर आहे, आणि तो वर हवा. म्हणजे कुकरची फॅमिली व्हेरिएंट (मॉडेलच्या पातळ्यांची रचना) नवीन बनवून माल तिकडे हलवावा लागेल. हे ४.० वरच उरकून घेतो, तिथे सगळ्यांना स्क्रीन माहीत आहे.

क्रम असा ठरवतोय: आधी ही रचना दुरुस्त, मग थेट डेटाबेसवर चालणाऱ्या रिपोर्टांची यादी काढून ते एपीआयवर नेणं, मग टेस्ट सर्व्हरवर ५, ६, ७. लाइव्ह दिवाळीनंतर, गर्दी ओसरल्यावर. सिंफनीवाला, ५.० वर गेल्यावर दर्जाची अक्षरं सगळ्या प्रॉडक्टना आपोआप लागतात, की काही चालवावं लागतं?

---

सिंफनीवाला

ते मोजणारं काम क्रॉनमध्ये (सर्व्हरवर ठरलेल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांत) आणि मागे चालणाऱ्या जॉबमध्ये असतं. जुन्या सर्व्हरवरची क्रॉनची यादी आणि जॉब चालवणारी प्रोसेस नव्या मशीनवर लावायची राहिली तर अक्षरं दिसणार नाहीत, आणि कम्प्लीटनेसही जुनाच दिसत राहील. नवं मशीन उभं केलं की पहिलं ते बघा. रिपोर्टांची यादी झाली की इथेच टाका, कोणता एपीआयवर कसा न्यायचा ते बघू.